दारूपलीकडची मीनाकुमारी

मीनाकुमारीचं चरित्र वाचून ‘दारूपायी स्वतःचं वाटोळं करून घेतलं’ असं काहींनी लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही. शाळेत जायच्या वयात घर चालवायला तिला कॅमेऱ्यापुढे उभं केलं, ते पान आपण इतक्या सहज कसं उलटतो? आणि कामाबद्दल कुणीच बोलत नाही! १९५१च्या मोटार अपघातात तिच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी झाली. पुढे तो हात ती पदराआड, ओढणीत अशा सफाईने ठेवायची, की बघणाऱ्याला पत्ताही लागू नये. १९६२च्या चित्रपटांसाठी फिल्मफेअरची सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीची तिन्ही नामांकनं तिचीच होती. या कसबावर चरित्रकारांनी भरभरून लिहावं. तिच्या मोडलेल्या संसाराच्या कहाण्या थोड्या कमी झाल्या तरी चालतील.