करार संपला म्हणजे चौकशीची गरजही संपली का? – महाविद्यालयीन बास्केटबॉल प्रशिक्षकाच्या नोकरीविषयी

रामबागकर (धागाकर्ते)

इंदूरमधील एका खाजगी महाविद्यालयाने बास्केटबॉलच्या प्रशिक्षकांचा करार यंदा वाढवला नाही. संस्थेचे आणि सरांचे नाव मुद्दाम देत नाही, कारण प्रश्न एका संस्थेपुरता नाही. सर अनेक वर्षे एकेका सत्राच्या करारावर काम करीत होते. जुलैत नवा कागद यायचा. या वेळी तो आला नाही आणि विचारणा केल्यावर ‘आता गरज नाही’ एवढेच तोंडी उत्तर मिळाले. बाहेर मात्र कुजबुज सुरू झाली की, सर मुलांना फार घालूनपाडून बोलतात अशी काही पालकांची तक्रार होती. ती खरी की खोटी हे कोणीही तपासले नाही, आणि माझा आक्षेप नेमका यालाच आहे.

माझा मुलगा या सरांच्या हाताखाली खेळला आहे. हिवाळ्यात पहाटे सिमेंटच्या कोर्टावर दव साचते. सर स्वतः पोते घेऊन बास्केटखालची जागा कोरडी करीत आणि मगच मुलांना ले-अपसाठी (धावत येऊन बास्केटजवळून चेंडू आत टाकण्यासाठी) उभे करीत, कारण तिथे पाय घसरून घोटा मुरगळला तर त्या मुलाचा अख्खा हंगाम वाया जातो. निकाल लागल्यावर मार्कशीट पाहिल्याशिवाय ते जर्सी देत नसत आणि ज्याला एटीकेटी लागली असेल त्याला सराव संपल्यावर पायऱ्यांवर पुस्तक घेऊन बसवत. मानधन ठरले होते ते फक्त सरावाच्या तासांचे. बाकीच्या कामाचा करारात एका ओळीचाही उल्लेख नव्हता.

तक्रार असेल तर ती लेखी घ्यावी, सरांचे म्हणणे ऐकावे, मुलांना विचारावे आणि निर्णय कागदावर द्यावा. दोष सिद्ध झाला तर त्यांना काढायला माझी हरकत नाही. पण करार गुपचूप संपू दिल्याने सरांच्या नावाला लागलेला डाग तसाच राहतो, आणि ज्या मुलाने तक्रार केली त्यालाही आपले म्हणणे कोणी ऐकले की नाही हे कधी कळत नाही.

पलासियाचा वाचक

मी असहमत आहे. ‘सर मुलांसाठी किती करतात’ हे वाक्य खेळाच्या जगात फार वेळा ढालीसारखे वापरले गेले आहे. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक बॉब नाइट यांचे उदाहरण घ्या. १९७६, १९८१ आणि १९८७ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदे त्यांच्या नावावर होती, आणि त्यांचे खेळाडू पदवी पूर्ण करतात याचेही कौतुक होत असे. त्याच नाइट यांनी १९८५ मध्ये भर सामन्यात खुर्ची कोर्टावर फेकली, आणि २००० मध्ये सरावात एका खेळाडूचा गळा पकडतानाची त्यांची चित्रफीत बाहेर आली. तरीही विद्यापीठाने त्यांना लगेच काढले नाही, शेवटची ताकीद दिली. सप्टेंबरमध्ये एका विद्यार्थ्याशी प्रसंग घडला तेव्हा कुठे त्यांना पदावरून दूर केले. इतकी वर्षे त्यांना सांभाळून घेतले गेले ते त्यांच्या यशामुळे आणि लौकिकामुळे. त्यामुळे एखादी संस्था वेळीच सावध होऊन करार वाढवत नसेल, तर मला त्यात अन्याय दिसत नाही. मुदतीचा करार मुदत संपली की संपतो, आणि सही करताना हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते.

रामबागकर

त्याच देशातील दुसरे उदाहरण माझ्या बाजूचे आहे. रटगर्स विद्यापीठाचे प्रशिक्षक माइक राइस सरावात खेळाडूंच्या अंगावर चेंडू फेकत आणि त्यांना शिवीगाळ करीत. ती चित्रफीत विद्यापीठाच्या हाती डिसेंबर २०१२ मध्येच होती. तीन सामन्यांची बंदी आणि दंड एवढ्यावर प्रकरण आटोपले. एप्रिल २०१३ मध्ये ती दूरचित्रवाणीवर दाखवली गेली, तेव्हा राइस यांना लगोलग काढण्यात आले आणि क्रीडा संचालकांनाही पद सोडावे लागले. प्रकरण आतल्या आत निपटण्याची संस्थांची सवय प्रशिक्षकाला जशी मारक ठरते, तशीच खेळाडूलाही ठरते. आपल्याकडचे सर दोषी असतील, तर ते उद्या दुसऱ्या महाविद्यालयात स्वच्छ कागद घेऊन जातील. निर्दोष असतील, तर कुजबुज त्यांच्या मागोमाग जाईल.

निवृत्त प्राध्यापक

कायद्याची बाजू सांगतो, कारण सरांना अनेक जण कामगार न्यायालयात जाण्याचा सल्ला देत आहेत. शिक्षक हा तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने कामगार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये सुंदराम्बल खटल्यात म्हटले होते. खेळ शिकवणाऱ्यालाही हाच निकाल दाखवला जाण्याची शक्यता मोठी आहे. २००६ च्या उमादेवी निकालानुसार केवळ दीर्घकाळ तात्पुरते काम केले म्हणून सरकारी सेवेत कायम होण्याचा हक्क मिळत नाही. दुसरीकडे, १९५७ च्या धिंग्रा खटल्यापासून सरकारी सेवेबाबत हेही मान्य झाले आहे की, तात्पुरत्या नोकराला शिक्षा म्हणून काढायचे असेल तर त्याला बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. हे तत्त्व खाजगी संस्थेला जसेच्या तसे लागू होत नाही, आणि ‘गरज नाही’ एवढेच तोंडी सांगून मोकळे होता येते ते त्यामुळे. आपल्या प्रदेशात सरकारी महाविद्यालयांत क्रीडा अधिकारी हे पद तरी असते. एकेका खेळाचा प्रशिक्षक बहुधा मानधनावरचा असतो, आणि त्याच्यासाठी नियमावलीत जवळपास काहीच लिहिलेले नसते. मला स्वतःला ही उणीव एका सरांच्या प्रकरणापेक्षा गंभीर वाटते.

एका खेळाडूची आई

खुली चौकशी करा, असे म्हणणे सोपे आहे. माझी मुलगी दुसऱ्या एका ठिकाणी खेळत होती. संघात बारा जागा, आणि ती बारा नावे लिहिणारा हात प्रशिक्षकाचाच. विद्यापीठाच्या निवडीपूर्वी त्याच्याविरुद्ध लेखी तक्रार कोण करणार? तिने केली नाही. तिने खेळच सोडला. आजही रेसकोर्स रोडवरच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवरून जाताना ती दुसरीकडे पाहते. ज्या पालकांनी सरांबद्दल तोंडी सांगितले, त्यांना बहुधा हीच भीती असेल. त्यांना ‘खोटे बोलता’ म्हणण्यापूर्वी याचा विचार व्हावा.

रामबागकर

ताई, मी त्यांना खोटे म्हटलेले नाही, आणि आपल्या मुलीचे जे झाले ते वाचून वाईट वाटले. चौकशी म्हणजे मुलांना सरांसमोर उभे करणे, असे मात्र मला अभिप्रेत नाही. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात समितीवर बाहेरची व्यक्ती असते आणि तक्रारदाराची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. शिवीगाळ, अपमान, निवडीतला पक्षपात यांसाठीही महाविद्यालयांनी अशी समिती नेमावी, आणि चौकशी चालू असेपर्यंत संघाची निवड दुसऱ्या कोणाकडे सोपवावी. आपल्या मुलीला अशी जागा मिळाली असती, तर कदाचित ती आज खेळत असती.

पलासियाचा वाचक

समितीची कल्पना मला मान्य आहे, आणि करार न वाढवण्याचे कारण लेखी द्यावे हेही मान्य. पण कारण लिहून देणे वेगळे आणि नोकरी चालू ठेवणे वेगळे. समितीने निर्दोष ठरवले, तरी त्याच प्रशिक्षकाला पुन्हा नेमण्याचे बंधन संस्थेवर येते, हे मी मानायला तयार नाही.