मदत हवी आहे : स्पार्कलिंग वाईन म्हणजे वाईनमध्ये भरलेला सोडाच ना?

गोटीसोडा_पारोळा :

मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

भाचा नाशिकला नोकरीला आहे. मेमध्ये घरी आला तेव्हा तीन बाटल्या घेऊन आला, एक रेड आणि दोन स्पार्कलिंग. मालेगाव-धुळे करत भर उन्हात डिकीतून आलेल्या. मला कुठला दम निघतोय? तासभर फ्रीजमध्ये ठेवली आणि घेतली उघडायला. बुचावरची तार सोडली, हात बाजूला घेतला, तेवढ्यात बूच आपलं आपणच सुटलं. ट्यूबलाइट गेली. निम्मी वाईन सतरंजीवर. उरलेली चाखून बायको म्हणाली, "ही तर कैरीचं पाणी!" लेबलवर 'ब्रूट' लिहिलंय.

आता मूळ वाद. आमच्या वडिलांचा गोटी सोड्याचा धंदा होता. यंत्राचं हँडल मी शाळेत असल्यापासून फिरवलंय. बाटली उलटी करायची, गॅस सोडायचा, दाबाने गोटी रबरावर घट्ट बसते. माझं म्हणणं, इथेही तेच केलंय, फक्त पाण्याऐवजी वाईन. भाचा म्हणतो, "मामा, गॅस भरत नाहीत, तो आत तयार होतो." दोघांत खरं कोण? आणि दुसरी बाटली पुढच्या आठवड्यात मोठ्या भावाच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला धुळ्यात उघडायची आहे. तिथे वर झुंबर आहे.

केळीचा_घड :

भाऊ, बठ्ठी उडी गई का? 😄

दिंडोरीकर :

मी काही वर्षं वायनरीत तळघराचं काम केलंय. दादा, भाचा बरोबर आहे, पण तुम्हीही पूर्ण चूक नाही.

द्राक्षरसात यीस्ट साखर खातं, त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होतो. साध्या वाईनमध्ये हा गॅस टाकीतून निघून जाऊ देतात. स्पार्कलिंगमध्ये आधी अशीच साधी, चांगली आंबट वाईन करतात. मग ती बाटलीत भरून तिच्यात पुन्हा थोडी साखर आणि यीस्ट घालतात, लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर, आणि वरून कोल्ड्रिंकला असतो तसला बिल्ला ठोकतात. आत पुन्हा आंबणं सुरू होतं, गॅसला पळायला जागा नाही, तो वाईनमध्येच मुरतो. पंक्चरवाला कारमध्ये ३०-३२ची हवा भरतो ना? त्याच मापात या बाटलीत ८०-९० असते. म्हणून काच एवढी जाड, बूड आत दाबलेलं आणि बुचाला तार.

यीस्ट मरून तळाशी बसतं. त्याच्यावर वाईन महिनोन्महिने पडून राहते, त्यातून ताज्या पावासारखा वास येतो. फ्रान्सच्या शॅम्पेन भागात तर बाटलीत भरल्यापासून किमान १५ महिने थांबल्याशिवाय विकता येत नाही. (शॅम्पेन हे नाव त्या भागापुरतंच. नाशिकच्या बाटलीवर म्हणून 'स्पार्कलिंग' असतं.)

आता तुमच्या आवडीचं. हा गाळ काढायला बाटल्या रोज थोड्या थोड्या फिरवत उलट्या करतात. गाळ तोंडाशी जमला की फक्त मान गोठवतात, बिल्ला उडवतात, आतल्या दाबानेच बर्फाचा खडा गाळासकट फटकन बाहेर पडतो. कमी झालेली वाईन भरून वर खरं बूच. म्हणजे बाटली इथेही उलटीच, पण गॅस भरायला नाही, गाळ काढायला.

इटलीची प्रोसेको बाटलीऐवजी मोठ्या बंद टाकीत दुसऱ्यांदा आंबवतात. आणि हो, स्वस्तातल्या काही वाईनमध्ये सरळ गॅस सोडतात, तुमच्या यंत्रासारखाच. तेवढ्यापुरता मामा जिंकला.

सातपुडा_वहिनी :

दादा, वहिनींना सांगा, आंबट लागली यात त्यांची जीभ चुकली नाही. 'ब्रूट'मध्ये साखर लिटरला १२ ग्रॅमच्या आत असते. त्यात या वाईनची द्राक्षं लवकर तोडतात, म्हणजे आंबटपणा राहतो. आणि फसू नका, 'ड्राय' म्हणजे गोड नसलेली, तरी 'एक्स्ट्रा ड्राय' ब्रूटपेक्षा गोड असते! खरी गोड हवी तर 'डेमी-सेक' बघा. ब्रूटच असेल तर तळलेल्या बिबड्या, कांदाभजी असं खारट-कुरकुरीत सोबत ठेवा. आमच्याकडे भरताबरोबर काढली होती, तिखटाने तोंड आणखी पेटलं.

गोटीसोडा_पारोळा :

दिंडोरीकर, त्रिवार नमस्कार. बिल्ल्याचं वाचून वडील आठवले. पण झुंबराचं काय?

दिंडोरीकर :

चूक तीन ठिकाणी झाली. बाटली गरम, प्रवासात हललेली आणि तार काढल्यावर बूच मोकळं. थंड वाईन गॅस धरून ठेवते, गरम झाली की सोडते. बाटली आदल्या दिवशीच धुळ्याला पोचवा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये टाकून विसरलात तर फुटेल. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही, अर्धा तास. नुसत्या बर्फाने लवकर होत नाही.

उघडताना वरचा कागद काढायचा, मग अंगठा बुचावर दाबूनच तारेचे सहा अर्धे फेरे सोडायचे. तार काढूच नका, सैल करून बुचासकट धरा. बाटली तिरकी, तोंड माणसांकडे नाही आणि झुंबराकडे तर नाहीच. बूच घट्ट धरून बाटली फिरवायची, बूच नाही. वर येऊ लागलं की उलट दाबत राहा. 'फुस्स' एवढाच आवाज आला पाहिजे. पेचाचा ओपनर चुकूनही लावू नका.

गोटीसोडा_पारोळा :

उडालेलं बूच जपून ठेवलंय, खालून अळंबीसारखं फुगलंय. उरलेली वाईन झाकायला परत घालून पाहिलं, जाईना.

दिंडोरीकर :

जाणार नाहीच. घालताना यंत्राने आवळून घालतात. उरली तर चिमट्याचं झाकण मिळतं ते लावा. बाटलीत चमचा अडकवून काही होत नाही.

सातपुडा_वहिनी :

पंचविसाव्याला उरतेय कशाला! ट्यूबलाइट बसवली का पण?