राक्षसाचे तळहात उलटे का? खेळातल्या उसन्या नावांबद्दल

वीसपैलू: शनिवारी आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (टेबलाभोवती बसून, फासे टाकत, पात्रं होऊन गोष्ट रचायचा खेळ) डावात एक मुलगी पहिल्यांदाच आली होती. "समोर राक्षस उभा आहे," असं डीएमने (गोष्ट सांगून डाव चालवणाऱ्याने) सांगताच ती म्हणाली, "कोणाच्या बाजूचा?" अगदी रास्त प्रश्न! बिभीषणही राक्षस, घटोत्कचही राक्षस. डीएमने चित्र दाखवलं: वाघाचं डोकं, अंगात झगा, तळहात उलटे. आपल्याकडे भुताची पावलं उलटी असतात, पण हे हात कुठून आले?

1977 च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मधला, म्हणजे खेळातल्या प्राण्यांच्या पुस्तकातला, हा राक्षस रामायणातून आलेलाच नाही. 1974 साली 'कोल्चॅक' या अमेरिकन मालिकेचा एक भाग आला होता. त्यात शिकागोत राक्षस येतो, आपल्या विश्वासातल्या माणसाचं रूप घेतो आणि मंतरलेल्या क्रॉसबोच्या बाणाने मरतो. खेळात हे दोन्ही जसंच्या तसं आहे. उत्तरकांडात मात्र प्रजापती पाणी निर्माण करतो, ते राखायला प्राणी घडवतो, आणि "रक्षामः" म्हणाले ते राक्षस होतात. राखणदाराचं नाव आहे ते. नाव घ्यायचं तर त्याच्या गोष्टीसकट घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

कोष्टी: साफ असहमत. खेळातली दुसरी उसनी नावं बघा. टियामॅट बाबिलोनची, खाऱ्या समुद्राची आदिमाता. मर्दुकने तिला चिरून आकाश आणि पृथ्वी केली. खेळात ती पाच डोक्यांची ड्रॅगनराणी. तिचा वैरी बहामुत अरबी कथांत पृथ्वीचा भार वाहणारा प्रचंड मासा, इथे तोही ड्रॅगन. एक समुद्र आणि एक मासा यांचं असं भांडण लावलं, म्हणून तर ते चाळीसेक वर्षं रंगलंय.

आणि आपण काय केलं? ऋग्वेदात वरुणाला आदराने असुर म्हटलंय. पुढे असुर म्हणजे देवांचा शत्रू झाला. तिकडे इराणात अहुर परमेश्वर झाला आणि देव सैतान. नावाचा अर्थ फिरवायला टीव्ही लागत नाही.

वीसपैलू: कोष्टी, असुराचा मुद्दा मान्य. पण तो अर्थ ते नाव रोज तोंडात असणाऱ्यांनी फिरवला, पिढ्यान्‌पिढ्या. इथे तीन वर्षांत उरकलं. खेळाच्या 1980 च्या पुस्तकात तर इंद्र-अग्नीलाही किती वार सोसतील त्याचे आकडे दिलेत!

मावळतीची_वाट: मला वेगळंच खुपतं. 1974 च्या मूळ खेळात 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टोल्किनचे हॉबिट (बुटके लोक) होते, बालरॉग (आगीचे दैत्य) होते. टोल्किनच्या नावांचे हक्क असलेल्यांनी हरकत घेतली आणि हॉबिटचा हाफलिंग झाला, बालरॉगचा बेलर. आता हा बेलरही आयरिश कथेतल्या, नजरेने मारणाऱ्या राजाच्या नावावर गेलेला! मालक दारात आला तिथे नाव बदललं. ज्यांचा मालक कोणी नव्हता, ती नावं तशीच राहिली. कोष्टी, याला देवाणघेवाण कसं म्हणायचं?

बरं, त्यांना नावं घडवता येत होती. खेळातल्या जादूगारांचीच बघा: वेक्ना म्हणजे लेखक जॅक व्हान्सच्या आडनावाची अक्षरं उलटसुलट केलेली. टेन्सरमध्ये खेळाचा एक निर्माता गॅरी गायगॅक्स याचा मुलगा अर्नेस्ट आहे. ड्रॉमिज उलटा वाचा, जिम वॉर्ड निघतो. टेबलाभोवतीच्या माणसांतून आलेली ही नावं मला सगळ्यांत जिवंत वाटतात.

कोष्टी: हक्कांचा मुद्दा बिनतोड आहे, मागे घेतो. पण मग आपण काय करायचं? आपली नावं वापरायचीच नाहीत?

मावळतीची_वाट: वापरायची. माझ्या डावात कोकण-गोव्याची सरहद्द आहे. मुंजा आहे, आसरा आहेत, वेताळ आहे. पण माझ्या आजोळी वेताळ गावचा देव, त्याला नारळ देतात. वहीत त्याच्या नावापुढे आकडे लिहायला बसले, हात धजेना. तो रकाना कोराच ठेवला.

कोष्टी: म्हणजे त्याच्याशी लढताच येत नाही?

मावळतीची_वाट: नाही. शिवेवर थांबायचं, नारळ ठेवायचा, वाट मागायची. तिसऱ्या डावात एकाने तलवार काढली होती. मी काही बोलायच्या आत बाकीच्या तिघांनी "आम्ही त्याचा हात धरतो" म्हणून फासे उचलले.