दिवाळीच्या सुट्टीत चीन : राजवाडे, होंगत्सुन आणि वेस्ट लेक यांचे छायाचित्रण

मेहरूणकाठ (जळगाव) :
नमस्कार मंडळी. भाऊबीज आटोपली की मी आणि माझे यजमान चीनला जाणार आहोत. सहल कंपनीबरोबर न जाता स्वतःच फिरायचे ठरवले आहे. बीजिंगमधील निषिद्ध नगरी (सम्राटांचा जुना राजवाडा, आता संग्रहालय) आणि समर पॅलेस, अन्हुई प्रांतातील होंगत्सुन व शीदी ही जुनी गावे आणि शेवटी हांगचौचे वेस्ट लेक, असा बेत आहे. आजवर माझा कॅमेरा अजिंठा, पाटणादेवी आणि हतनूरचे पक्षी यांच्यापलीकडे फारसा गेलेला नाही. त्यामुळे एवढ्या विस्तीर्ण राजवाड्यात उजेड कोणत्या वेळी कोठे चांगला मिळतो, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. ट्रायपॉड आणि ड्रोन न्यावेत का? वेळ कमी पडल्यास यांतले काय गाळावे?

रेल्वेकॉलनी (भुसावळ) :
ताई, काळ चांगला निवडला आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चिनी राष्ट्रीय दिनाची मोठी सुट्टी असते आणि तेव्हा कोठेही पाय ठेवायला जागा नसते. तुम्ही पोहोचाल तोवर ती गर्दी ओसरलेली असेल.

निषिद्ध नगरीचे तिकीट दारावर मिळेल या भरवशावर जाऊ नका. पारपत्राचा क्रमांक देऊन ७ दिवस आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ती बीजिंगच्या वेळेनुसार रात्री ८ वाजता, म्हणजे आपल्याकडे सायंकाळी साडेपाचला उघडते. सोमवारी संग्रहालय बंद असते. नोव्हेंबरपासून तिकीट ६० ऐवजी ४० युआन होते, पण दारेही लवकर बंद होतात आणि दुपारी साडेतीननंतर आत घेत नाहीत.

आता उजेडाचे. हा राजवाडा १४०६ ते १४२० या काळात योंगल सम्राटाने बांधवला आणि त्याचे सगळे मुख्य महाल दक्षिणाभिमुख आहेत. नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलून खाली उतरलेला असतो, त्यामुळे एरवी छज्जाच्या सावलीत बुडून जाणारे रंगीत तुळयांचे काम दुपारीही उजळलेले दिसते. उन्हाळ्यात हे सुख नाही. प्रवेश दक्षिणेच्या मध्याह्न दरवाजाने होतो आणि लोंढाही तिथून सरळ उत्तरेकडे सरकत राहतो. तुम्ही मधला अक्ष लवकर सोडा आणि पूर्व-पश्चिमेच्या बाजूच्या वाड्यांत शिरा. तिथल्या लाल भिंतींवर पडलेल्या झाडांच्या सावल्या मला मोठ्या चौकापेक्षा जास्त आवडतात.

दूरचे जवळ आणणारी टेलिफोटो लेन्स मात्र मुख्य चौकासाठी हाताशी ठेवा. तिथल्या ताइहे महालाच्या छपराच्या तिरप्या कडेवर चिनी मातीचे १० प्राणी ओळीने बसलेले आहेत आणि त्यांच्या पुढे पक्ष्यावर स्वार झालेला एक माणूस आहे. इमारतीच्या मानाप्रमाणे प्राण्यांची संख्या ठरत असे, आणि १० चा मान एकट्या ताइहे महालाचा. आणखी एक गंमत शोधा. सगळीकडे पिवळी कौले असताना वेनयुआन ग्रंथालयाची कौले काळी आहेत, कारण काळा हा पाण्याचा रंग आणि पुस्तकांना भीती आगीची.

उत्तरेच्या दरवाजाने बाहेर पडलात की समोरच जिंगशानची टेकडी आहे. तिथून पूर्ण राजवाडा दिसतो, पण भर दुपारी चढू नका, कारण तोंड दक्षिणेला आणि ऊन समोरून येते. सूर्यास्ताच्या आधी तासभर गेल्यास तेच ऊन कौलांवर तिरपे घसरते.

समर पॅलेसला अर्धा दिवस पुरे, असे सांगणारे पुष्कळ भेटतील. मला ते पटत नाही. त्या आवाराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग खुनमिंग सरोवराने व्यापला आहे आणि पाण्याचा उजेड सकाळी निराळा, संध्याकाळी निराळा असतो. ७२८ मीटर लांबीची चित्रित ओसरी सकाळी पाहावी आणि सतरा कमानींच्या पुलाकडे दिवस कलताना जावे. त्या सर्व कमानी आतून सोनेरी उजळण्याचे प्रसिद्ध दृश्य डिसेंबरातील अयनदिनाच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वात लहान दिवसाच्या आसपासचे आहे, तेव्हा ते हुकले म्हणून खट्टू होऊ नका.

पाटकरी (साक्री) :
राजवाड्यांबद्दल भुसावळच्या भाऊंनी सविस्तर लिहिले आहे, म्हणून मी गावांपुरते लिहितो. होंगत्सुनला अवश्य मुक्काम करा आणि शीदी वेळ असेल तरच पाहा. दोन्ही गावे २००० साली जागतिक वारसा यादीत एकत्रच आली, पण पाण्याची रचना पाहायची तर होंगत्सुनच.

आमच्या पांझरा नदीवर बंधारा, पाट आणि फड (सामाईक पाण्यावर भिजणारे शेतांचे पट्टे) यांची जी शिस्त आहे, ती डोळ्यासमोर आणली की हे गाव लगेच कळते. ओढ्याचे पाणी बांध घालून वळवले आहे. ते दगडी चरातून घरांच्या दारावरून वाहत गावाच्या मधोमध असलेल्या अर्धचंद्राकृती तळ्यात येते आणि तिथून पुढे दक्षिण सरोवरात जाते. सकाळी ठरावीक वेळेपर्यंत पिण्याचे पाणी भरायचे आणि धुणीभांडी त्यानंतर, असा गावचा जुना नियम होता असे सांगतात. बहुतेक लोक तळ्यातले प्रतिबिंब टिपून परततात. तुम्ही त्या चराच्या काठाने उलट दिशेने चालत जा. हातभर रुंदीचा चर, त्यात उतरणारी दगडी पायरी आणि तिथे भाजी धुणाऱ्या बायका, हे खरे होंगत्सुन आहे. अर्थात कोणाचाही जवळून फोटो काढण्यापूर्वी खुणेने विचारावे.

भिंती पांढऱ्या आणि कौले काळी असल्यामुळे कॅमेऱ्याचे उजेडाचे मोजमाप फसते आणि भिंती राखाडी येतात. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड, अर्धा ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट). दोन घरांच्या मध्ये छपराच्या वर चढलेल्या पायऱ्यांसारख्या भिंती दिसतील. शेजारच्या घराची आग आपल्याकडे येऊ नये म्हणून त्या बांधल्या आहेत. हुइचौचे, म्हणजे याच भागातले, व्यापारी मीठ आणि चहाच्या धंद्यासाठी वर्षानुवर्षे परगावी असत आणि ही घरे त्यांच्याच पैशातून उभी राहिली.

तुमच्या दिवसांत जवळच्या ताछुआन गावी झाडांची पाने लाल झालेली असण्याची शक्यता चांगली आहे. शीदीऐवजी तिकडे जावे, असे माझे मत.

सातपुडा (नंदुरबार) :
ड्रोन घरीच ठेवा. बीजिंगमध्ये तो उडवता येत नाही आणि इतरत्र नोंदणीची कटकट आहे. दालनांत फ्लॅशला मनाई असते. ट्रायपॉड हलका असेल तर होंगत्सुनच्या पहाटेसाठी न्या, राजवाड्यात त्याचा भरवसा धरू नका. पैशांसाठी अलीपे या मोबाइलवरून पैसे देण्याच्या ॲपला आपले आंतरराष्ट्रीय कार्ड निघण्यापूर्वीच जोडून घ्या.

मेहरूणकाठ (जळगाव) :
सर्वांचे आभार. शीदी गाळले. पण मग वेस्ट लेकसाठी किती वेळ ठेवावा? समर पॅलेसमध्ये सरोवर पाहिल्यावर पुन्हा सरोवर कशाला, असे यजमानांचे म्हणणे आहे.

रेल्वेकॉलनी (भुसावळ) :
यजमानांना सांगा की नक्कल आधी पाहिली, आता अस्सल पाहावे. छिएनलोंग सम्राटाने १७५० मध्ये खुनमिंग सरोवराचे काम काढले, तेव्हा नमुना वेस्ट लेकचाच घेतला होता. तिथला पश्चिम बांध म्हणजे हांगचौच्या सू बांधाची प्रतिकृती. मूळ बांध अकराव्या शतकाच्या अखेरीस कवी आणि अधिकारी सू तुंगपो यांनी तळ्यातला गाळ उपसून, त्याच गाळाचा घातला. लांबी सुमारे २.८ किलोमीटर आहे.

होंगत्सुनजवळच्या हुआंगशानहून हांगचौ वेगवान रेल्वेने साधारण दोन तासांच्या आत गाठता येते. दोन रात्री राहा. पहाटे सू बांधावर उभे राहून पूर्वेकडे पाहा, पाण्यापलीकडे शहराच्या बाजूने सूर्य वर येतो. संध्याकाळी पूर्व काठावर या, म्हणजे समोर डोंगरांच्या एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या रांगा आणि डावीकडे लेईफंग मनोरा मिळेल. जुना मनोरा १९२४ मध्ये कोसळला, आताचा २००२ चा आहे, त्यामुळे तो जवळून पाहण्यापेक्षा दुरूनच टिपावा. पाण्यातले तीन दगडी दीपस्तंभ १ युआनच्या नोटेवर छापलेले आहेत. ते जवळून पाहायचे तर नावेने बेटावर जावे लागते.

परतीचा प्रवास देशांतर्गत विमानाने असेल तर पॉवर बँक तपासा. २८ जून २०२५ पासून सीसीसी हे चिनी सुरक्षा-प्रमाणपत्राचे चिन्ह नसलेली पॉवर बँक त्या विमानांत नेऊ देत नाहीत. आपल्याकडून नेलेल्या पॉवर बँकेवर ते बहुधा नसते. बीजिंगमध्ये उतरल्यावर तिथलीच विकत घ्या.