ट्रॉलीच्या मागचा नंबर कुठाय?

विमा संपलेली गाडी कॅमेऱ्यासमोरून गेली की चलन थेट मोबाइलवर येणार, त्यामुळे सगळे सुतासारखे सरळ होतील, असं काही जण म्हणतायत. कार-दुचाकीपुरतं पटतं. नंबर वाचायचा, 'वाहन' या सरकारी गाडी-नोंदणीच्या डेटाबेसशी ताडायचा, विमा नसेल तर पहिल्यांदा २००० रुपये, पुन्हा सापडला तर ४०००. पण गळीत हंगामात पेठ नाका ते सांगली रस्त्यावर संध्याकाळी उभं राहून बघा. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागं उसाचा भारा बाहेर आलेला, नंबर नाही की रिफ्लेक्टर नाही. मागून कॅमेरा वाचणार काय?

या चर्चेत मोटार वाहन कायद्याच्या कलम ६१ चा विषय कुणी काढला नाही. ट्रॉलीचा स्वतःचा नोंदणी क्रमांक तिच्या बाजूवर हवा आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर शेवटच्या ट्रॉलीवर हवा. कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. नुसता ट्रॅक्टरचा विमा दाखवून भागत नाही. ट्रॉलीचा विमा नसेल तर अपघातानंतर भरपाईचा वाद कोर्टात वर्षानुवर्षं चालतो, आणि त्यात मागून धडकलेल्या दुचाकीवाल्याचं कुटुंब भरडलं जातं. कॅमेरे जरूर लावा, पण कारखान्याच्या गेटवर ट्रॉलीचा नंबर तपासल्याशिवाय वजनकाट्यावर घेऊ नका, एवढी सक्ती आधी करा.