प्रिंटर बंद कसा करता, ते आधी बघा

इंकजेट प्रिंटरच्या छपाईत रेघा तुटायला लागल्या तर काय करायचं, या प्रश्नावर कुणीतरी सुचवलंय की हेड क्लीनिंग (म्हणजे शाई सोडणारं हेड प्रिंटरकडूनच साफ करून घेणं) चार-पाच वेळा मारा. दोनदा ठीक. त्यापुढे नुसती शाई जाते, आणि ती जाते आतल्या स्पंजात. तो भरला की मशीन संपच पुकारतं. मी दोनदा मारून नोझल चेक, म्हणजे चाचणीचं पान, काढतो, फरक नसेल तर रात्रभर तसंच ठेवतो. सकाळपर्यंत सुकलेली शाई बऱ्याचदा सुटते.

पण प्रिंटर बंद कसा करता, हे कुणी विचारलंच नाही. आमच्या सांगलीच्या घरी बाबा पान बाहेर आलं रे आलं की भिंतीवरचं बटण बंद करायचे, वीजबिलाच्या धास्तीने! प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबलं तर हेड कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीवर बसतं. मधेच वीज तोडली की ते उघडं राहू शकतं, आणि आपल्याकडचा एप्रिल म्हणजे काय ते सांगायला नको. आमचा काळा रंग आधी गेला, मग पिवळा. आता प्रिंटरचा दिवा विझेपर्यंत भिंतीकडे हात न्यायचा नाही, असा घरात कायदा आहे. शिवाय आठवड्याला एक रंगीत पान काढतो, बहुतेक नातीचं चित्र.

पावसाळ्यात दोन-दोन पानं एकदम ओढत असेल तर मात्र शाईला दोष देऊ नका, कागद सादळलेला असतो.