४० फुटी ट्रेलर पावसाळाभर काळ्या रानात सोडावा का?

जालन्याचा सळईवाला:
एमआयडीसीतून सळई भरणारा ४० फुटी ट्रेलर आहे. पावसाळ्यात बांधकामं मंदावली की भाडं तुटतं. हॉर्स (ओढणारं पुढचं इंजिन) दुसऱ्या कामाला लावून नुसता ट्रेलर बदनापूरकडच्या वावरात सोडावा म्हणतो. आत्ता जमीन दगडासारखी टणक आहे. चालेल का? आणि अमेरिकेत पिकअपमागं राहायचे फिफ्थ व्हील ट्रेलर ओढतात, त्यांचं जोडणं आपल्यासारखंच का?

वाळूजचा ट्रेलरवाला:
भाऊ, हात जोडून सांगतो, काळ्या मातीत सोडू नका. जोडलेला असताना पुढचा भार फिफ्थ व्हीलवरून (हॉर्सवरची जोडणीची प्लेट) हॉर्सच्या मागच्या एक्सलवर जातो. हॉर्स काढला की तोच भार ट्रेलरच्या पुढच्या दोन लँडिंग पायांवर (खाली-वर होणारे टेकू). मृगाचे दोन-तीन पाऊस पडले की माती लोण्यावाणी होते, एक पाय खचतो, ट्रेलर तिरका. उचलायला क्रेन बोलवाल, पण ती तरी त्या चिखलात कशी शिरणार?

खरा घोळ जोडताना होतो. ट्रेलरची खालची प्लेट फिफ्थ व्हीलपेक्षा किंचित खाली पाहिजे, म्हणजे हॉर्स मागं घेताना ती त्यावर चढते आणि फिफ्थ व्हीलचा जबडा किंगपिन (ट्रेलरखालची जोडणीची पिन) धरतो. पाय खचले तर हॉर्स चेसिसला धडकतो. प्लेट जास्त उंच असली तर पिन जबड्यात न बसता वरूनच पुढं सरकते. लॉक लागल्याचा आवाज आला तरी बॅटरी घेऊन वाका, जबडा बंद झालेला डोळ्यांनी बघा, ट्रेलरचा ब्रेक लावून हॉर्सला हलका झटका द्या. मगच पाय वर घ्या.

मुरूम दाबलेली सपाट जागा बघा, पायांखाली जाड लोखंडी प्लेटा, चाकांना ठोकळे. समोर हॉर्स सरळ यायला मोकळं मैदान हवं, हे लोक विसरतात. किंगपिनला ग्रीस लावून गोणपाट बांधा. अधूनमधून हॉर्स लावून थोडं हलवा, ओलीत ब्रेकचे लायनर ड्रमला धरतात.

लातूरची, सध्या टेक्सास:
जोडणं तेच, दादा. इथं फिफ्थ व्हील पिकअपच्या हौद्यात, मागच्या एक्सलच्या आसपास बसवतात. पण त्या राहायच्या ट्रेलरमध्ये नळ-टाक्या असतात, म्हणून गोठणाऱ्या थंडीआधी पाणी काढावं लागतं. तुम्हाला ती कटकट नाही.

जालन्याचा सळईवाला:
मेव्हण्याचा मुरमाचा प्लॉट आहे, रोडला लागून. फक्त वरून विजेची तार गेलीय.

वाळूजचा ट्रेलरवाला:
तारेखाली अजिबात नको. वादळात तार तुटून लोखंडावर पडली तर हात लावणारा गेला. प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला, तारेपासून लांब जागा असेल तर तिथं लावा.